पुराचे पाणी ओसरल्यानंतर : घरात परतताना पाळावयाचा क्रम

गोव्यात पावसाळ्यात सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर त्याहूनही अधिक पडणारे पाणी म्हादई, वाळवंटी, खांडेपार यांसारख्या नद्यांतून अवघ्या काही तासांत खाली उतरते. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर नदीमुखाकडे पाण्याचा निचरा मंदावतो आणि काठावरील वाडे, बाजार व शेते पाण्याखाली जातात. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली, फोंडा व धारबांदोडा या तालुक्यांतील अनेक गावांनी हा अनुभव घेतला. त्यापूर्वी ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांच्या पुराने बेळगाव जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांना घराबाहेर काढले होते. ३१ जुलै २०१९ रोजी व पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या काठच्या वडोदरा शहरात, तसेच १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत, सखल वस्त्यांतील घरे आणि इमारतींची तळघरे पाण्याने भरून गेली.

पूर येण्यापूर्वी व पूर चढत असताना काय करावे, याविषयी नागरिकांना पुष्कळ सांगितले जाते. परंतु पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वास्तविक पुरात तग धरलेली भिंत पाणी उतरल्यावर कोसळते, ओल्या तारेचा धक्का घर झाडताना बसतो, आणि पुराच्या पाण्यातून आलेला ताप आठवड्याभराने अंथरुणावर पाडतो. या दुर्घटनांचे मूळ बहुधा अज्ञानापेक्षा घाईत असते. घर पूर्ववत व्हावे ही ओढ स्वाभाविक आहे. तथापि कोणते काम आधी व कोणते नंतर, हा क्रम चुकला तर केलेले काम पुन्हा करावे लागते, आणि क्वचित प्रसंगी ते करण्यास माणूसच उरत नाही. यास्तव हा क्रम व त्यामागील कारणे ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी

प्रथम घराभोवती बाहेरूनच एक फेरी मारावी, आणि ती दिवसाउजेडी मारावी. गोव्यातील जुनी घरे बहुतांशी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची असून, अनेक ठिकाणी त्यांचे सांधे मातीने भरलेले असतात. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी शोषून घेतो व भिजलेल्या अवस्थेत त्याची ताकद घटते. सांध्यातील माती तर पाण्याबरोबर वाहून जाते, आणि बाहेरून गिलावा शाबूत दिसत असला तरी आतून भिंत पोकळ झालेली असू शकते. मातीच्या भिंतींचा धोका याहून मोठा आहे. पाण्यात उभ्या असताना दोन्ही बाजूंनी त्यांना पाण्याचा आधार मिळतो. पाणी उतरताच तो आधार जातो आणि भिजून जड व मऊ झालेली भिंत स्वतःच्या व छपराच्या भाराने खचते. म्हणूनच पाणी गेल्यानंतरचे पहिले काही दिवस हे भिंतींच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे समजावेत.

पायाजवळची माती वाहून गेली आहे काय, कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघाल्या आहेत काय, भिंत ओळंब्यातून बाहेर झुकली आहे काय, दारे-खिडक्या चौकटीत अडकतात काय, वासे वा कौलारू छप्पर एका अंगाला कलले आहे काय, हे पाहावे. यांपैकी एक जरी चिन्ह आढळले तरी आत न जाता पंचायतीमार्फत किंवा ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. दार अडकले असल्यास ते जोर लावून उघडू नये; त्या दारावरच भिंतीचा भार आलेला असण्याची शक्यता असते.

वीज व गॅस

घरात पाणी असताना, किंवा ओल्या जमिनीवर उभे राहून, विजेच्या कोणत्याही बटणास वा मुख्य स्विचला हात लावू नये. मुख्य स्विचपर्यंत कोरड्या वाटेने जाता येत असेल तरच तो कोरड्या हातांनी, पायांत रबरी बूट घालून बंद करावा. अन्यथा वीज खात्याच्या कर्मचाऱ्याकडून खांबावरूनच पुरवठा तोडून घ्यावा. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक उपलब्ध आहे. गावाचा पुरवठा खंडित आहे म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे होय. तो कोणत्याही क्षणी पूर्ववत होऊ शकतो, आणि शेजारच्या घरातील इन्व्हर्टर अथवा जनित्र यांमधूनही वीज तारांत उलटी येऊ शकते.

पाण्याखाली गेलेले स्विच, प्लग व जोडण्या नुसत्या उन्हात वाळवून वापरू नयेत. आत शिरलेला गाळ ओलावा धरून ठेवतो व महिन्यांनंतरही गळती होऊ शकते. परवानाधारक तंत्रज्ञाने तारांच्या आवरणाची चाचणी केल्यानंतरच पुरवठा सुरू करून घ्यावा. त्याच वेळी ३० मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच बसवून घेतल्यास पुढील धोका बराच कमी होतो.

गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवावा. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर व रबरी नळी वितरकाकडून तपासून वा बदलून घ्यावी. गॅसचा वास आल्यास काडी ओढू नये, बटण दाबू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे व १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

तळघरातील पाणी सावकाश का उपसावे

पणजी, म्हापसा, मडगाव, वडोदरा, हैदराबाद अशा शहरांत इमारतीखाली वाहनांसाठी वा दुकानांसाठी तळघर असणे आता सर्रास झाले आहे. ते भरले की रहिवासी मोठे पंप आणून एका दिवसात ते रिकामे करू पाहतात. ही घाई इमारतीस घातक ठरू शकते. त्यामागील गणित साधे असून ते शाळेतील मुलांनाही समजावून सांगता येईल.

एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. भिंतीला लागून १ मीटर उंचीपर्यंत पाणी असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन आडवा भार येतो. पाणी २ मीटर उंच असेल तर तो भार दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे दोन टन होतो. पूर ओसरला तरी इमारतीभोवतीची जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असते, आणि ते पाणी तळघराच्या भिंतींना बाहेरून रेटत असते. तळघरातील पाणी आतून तेवढाच रेटा देऊन तोल सांभाळते. ते एकाएकी काढून टाकले तर बाहेरच्या दाबाला अडविणारे काही उरत नाही. मग भिंत आत फुगते, तिला आडव्या भेगा पडतात किंवा ती कोसळते. फरशीखालूनही हाच दाब वर येतो. बाहेरच्या भूजलाची पातळी फरशीपेक्षा २ मीटर उंच असेल तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन टनांचा रेटा असतो.

म्हणून पुढील पद्धत अवलंबावी. आवारातील व रस्त्यावरील पाणी पूर्णपणे ओसरल्यानंतरच उपसा सुरू करावा. पहिल्या दिवशी सुमारे १ फूटच पाणी काढावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेले आढळले तर बाहेरचे भूजल अद्याप उतरलेले नाही असे समजून एक दिवस थांबावे व पुन्हा तीच चाचणी घ्यावी. पाणी चढले नसेल तर त्यापुढे दिवसाला २ ते ३ फुटांपेक्षा अधिक उपसा करू नये. प्रत्येक टप्प्यावर भिंतींची पाहणी करावी. नवी भेग दिसताच पंप बंद करून अभियंत्याचा सल्ला घ्यावा. उपसलेले पाणी पायाजवळ न सोडता पन्हळीने वा नळीने आवाराबाहेरील गटारापर्यंत न्यावे. अन्यथा तेच पाणी मुरून पुन्हा आत येते.

पंपाचे इंजिन डिझेलचे वा पेट्रोलचे असेल तर ते कधीही तळघरात उतरवू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. बंदिस्त जागेत तो काही मिनिटांत माणसास बेशुद्ध करतो, आणि त्याला वाचविण्यास उतरलेलाही त्यास बळी पडतो. इंजिन उघड्यावर ठेवून केवळ शोषणनळी आत सोडावी. तळघरात सांडपाणी शिरले असेल, किंवा तेथे सांडपाण्याची टाकी असेल, तर अशा टाकीत कोणत्याही कारणास्तव कोणी उतरू नये. तेथे साचणारे विषारी वायू एका श्वासात प्राण घेऊ शकतात. असा प्रसंग उद्भवल्यास अग्निशमन दलास बोलवावे.

तळघरात बुडालेली मोटार वा स्कूटर पाणी उतरताच सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. इंजिनाच्या सिलिंडरात पाणी असल्यास ते दाबले जात नाही, परिणामी आतील दांडे वाकतात व दुरुस्ती अनेक पटींनी महाग होते. शिवाय विमा कंपनी अशा नुकसानीची भरपाई नाकारू शकते. वाहन ओढत कार्यशाळेत न्यावे.

साफसफाईपूर्वी नोंद

नुकसानभरपाईच्या अनेक प्रकरणांत अडचण येते ती पुराव्याअभावी. घर धुऊन पुसून स्वच्छ केल्यानंतर येणाऱ्या अधिकाऱ्यास तेथे काय घडले ते दिसणार कसे? यास्तव गाळास हात लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत. भिंतीवर पाण्याची जी रेषा उमटलेली असते ती छायाचित्रात यावी. तिची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवावी. नासलेले धान्य, अंथरूण-पांघरूण, भांडी, औत-अवजारे, मृत जनावरे यांची यादी करावी. वस्तू टाकून देणे आरोग्यासाठी आवश्यक असेल तर छायाचित्र काढून, दोन शेजाऱ्यांच्या समक्ष ती टाकावी.

यानंतर विनाविलंब तलाठ्यास व पंचायतीस लेखी कळवावे आणि पंचनाम्याची मागणी करावी. गोव्यात पुढील कार्यवाही मामलेदार कार्यालयामार्फत होते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असून त्यातील साहाय्य विहित निकषांनुसार दिले जाते. हे साहाय्य म्हणजे संपूर्ण नुकसानीची भरपाई नव्हे, हे समजून असावे. घराचा वा वाहनाचा विमा असल्यास विमा कंपनीस स्वतंत्रपणे व तत्काळ सूचना द्यावी. अर्जाची पोच व पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी.

गाळ, सर्प व निर्जंतुकीकरण

पुराने बिळांतून हुसकलेले सर्प कोरड्या आश्रयासाठी घरात, लाकडांच्या राशीत, कौलांखाली व अंथरुणांत दडून बसतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी सर्प या प्रदेशात आढळतात. आडोशाच्या जागी हात घालण्यापूर्वी लांब काठीने चाचपून पाहावे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने थेट रुग्णालयात न्यावे. या चारही सर्पांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस रुग्णालयातच मिळते. मंत्रतंत्रात दवडलेली घटका परत येत नाही. विश्वामित्रीच्या काठी, तसेच कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात मगरींचा वावर आहे. तेथील रहिवाशांनी अंगणातील साचलेल्या पाण्यात उतरण्यापूर्वी ते नीट न्याहाळावे आणि मगर दिसल्यास वन खात्यास कळवावे.

गाळ ओला असतानाच काढणे सोपे जाते. वाळल्यावर तो घट्ट होतो व त्याची धूळ श्वासातून जाते. प्रथम खोरे व घमेल्याने गाळ काढावा, नंतर साबणाच्या पाण्याने घासून धुवावे आणि शेवटी निर्जंतुकीकरण करावे. बरेच जण गाळावरच ब्लिचिंग पावडर पसरतात. त्याचा उपयोग नाही, कारण पावडरीतील क्लोरीन गाळातील सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावून संपून जाते व रोगजंतूंसाठी उरत नाही. धुतलेल्या फरशीसाठी १० लिटर पाण्यात सुमारे ४० ते ५० ग्रॅम पावडर कालवून, निवळ वापरावी व ती किमान १० मिनिटे पृष्ठभागावर राहू द्यावी. हे काम खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून करावे. ब्लिचिंग पावडर संडास धुण्याच्या आम्लात वा अमोनियायुक्त द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निर्माण होतो.

पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, भाजीपाला, औषधे व बाटलीबंद नसलेले खाद्य टाकून द्यावे. कापसाच्या गाद्या-उशा पूर्णपणे वाळत नाहीत, त्याही शक्यतो टाकाव्यात. धातूची व काचेची भांडी धुऊन उकळत्या पाण्यातून काढल्यास वापरण्यास योग्य होतात. घराची सेप्टिक टाकी भरली असली तरी ती लगेच उपसू नये. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाण्याचा व तिच्या नळ्या तुटण्याचा संभव असतो.

विहिरीचे शुद्धीकरण

पुराचे पाणी ज्या विहिरीत शिरले तिचे पाणी, ते कितीही नितळ दिसले तरी, दूषित समजावे. पिण्यासाठी टँकरचे वा उकळलेले पाणीच वापरावे. पाण्यास खळखळून उकळी आल्यावर ते निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे.

विहिरीतील तरंगता कचरा व गाळ प्रथम काढावा. मात्र येथेही तळघराचाच नियम लागू आहे. बांधीव विहीर पावसाळ्यात एकदम तळापर्यंत उपसली तर बाहेरच्या दाबाने तिचे बांधकाम ढासळू शकते. उपसा टप्प्याटप्प्याने करावा व त्या वेळी कोणी आत उतरू नये.

पावडरीची मात्रा काढण्यासाठी विहिरीतील पाणी किती आहे ते ठरवावे लागते. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. आलेल्या घनमीटरांस १,००० ने गुणले की लिटर मिळतात. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असल्यास विहिरीत सुमारे २८,२६० लिटर पाणी असते. नेहमीच्या शुद्धीकरणासाठी १,००० लिटरला चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर, या हिशेबाने अशा विहिरीस सुमारे ७० ग्रॅम लागते. पुरानंतर पाणी गढूळ असल्याने ही मात्रा बहुधा अपुरी पडते. किती अधिक घालावी ते आरोग्य कर्मचारी चाचणी घेऊन सांगू शकतो. पावडर बादलीतील पाण्यात कालवून, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ दुसऱ्या बादलीने विहिरीत सोडून पाणी ढवळावे. त्यानंतर किमान एक तास पाणी काढू नये. तासाभरानंतर प्रत्येक लिटर पाण्यात ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असल्याचे चाचणीत दिसले तर मात्रा पुरेशी झाली असे मानावे. दमट जागी उघडी राहिलेली जुनी पावडर निःसत्त्व होते. ती वापरून समाधान मानू नये.

भिंती वाळविणे व चतुर्थीचा रंग

बुरशी धरण्यास २४ ते ४८ तास पुरेसे होतात. त्यामुळे ओले पडदे, सतरंज्या, पुठ्ठे, प्लायवुडच्या फळ्या त्वरित बाहेर काढाव्यात आणि कपाटे भिंतीपासून दूर सरकवावीत. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वारा खेळता ठेवावा, मात्र मुसळधार पावसात बाहेरची हवाच ओलीचिंब असताना त्या मिटाव्यात व उघडीप मिळताच पुन्हा उघडाव्यात. वीज सुरक्षित झाल्यावर पंखा भिंतीच्या दिशेने लावल्यास वाळण्यास हातभार लागतो. पाण्यात भिजून सैल झालेला गिलावा ठोकून पाहावा, पोकळ आवाज देणारा भाग काढून टाकावा.

भिंत वरून कोरडी दिसू लागली म्हणजे आतून वाळली असे नव्हे. बांधकामाच्या व्यवसायातील स्थूल ठोकताळा असा की, भिंतीची एक बाजू महिन्याला सुमारे २५ मिलिमीटर खोलीपर्यंत वाळते. म्हणजे २३ सेंटीमीटर जाडीची भिंत दोन्ही बाजूंनी वाळत असली तरी तिला चार ते पाच महिने लागू शकतात. जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंतींना याहून अधिक. जुलैत भिजलेली भिंत त्यामुळे डिसेंबरच्या सुमारास कोरडी होते.

इथेच गोव्यातील कुटुंबांपुढे पेच उभा राहतो. पूर येतो आषाढ-श्रावणात, आणि भाद्रपदात चतुर्थी येऊन ठेपते. गणपती बसावयाचा, माटोळी बांधावयाची, मुंबई-पुण्याहून भाऊबंद यावयाचे. अशा वेळी पाण्याच्या रेषेने डागाळलेल्या भिंती कोणासही पाहवत नाहीत. मग घाईघाईने सिमेंटचा गिलावा व त्यावर तैलरंग किंवा प्लास्टिक रंग दिला जातो. हा रंग भिंतीतील वाफ बाहेर पडू देत नाही. अडकलेला ओलावा आतील क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतो, रंगाला फोड येतात, भिंतीस लोणा लागतो, आणि पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा करावा लागतो. चतुर्थीचा मान राखण्यासाठी चुन्याची सफेदी हा उत्तम उपाय आहे. ती भिंतीस श्वास घेऊ देते, बुरशीस प्रतिकार करते आणि स्वस्तही पडते. तैलरंगाचे काम उन्हाळ्यापर्यंत लांबणीवर टाकावे. भिंत वाळली की नाही हे पाहण्यासाठी एक फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीस लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतील अंगास दव धरलेले दिसले तर भिंत अद्याप ओली आहे.

कागदपत्रे

जमिनीचे उतारे, विक्रीखत, शाळेचे दाखले, बँकेची पुस्तके ओली झाली असतील तर चिकटलेली पाने ओढून वेगळी करू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, कोऱ्या शोषक कागदांच्या मधे ठेवून ती वाळवावीत व मधले कागद वारंवार बदलावेत. प्रखर उन्हात कागद आखडतो. दोन दिवसांत वाळविणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून शीतकपाटाच्या गोठणकप्प्यात ठेवल्यास बुरशी धरत नाही व पुढे सवडीने ती वाळविता येतात. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर येथील अनेक जुन्या मराठी घराण्यांत मोडी कागदपत्रांची दप्तरे आहेत. अशी दप्तरे भिजल्यास स्वतः प्रयोग न करता जवळच्या पुराभिलेख कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

नष्ट झालेल्या दाखल्यांची दुय्यम प्रत मिळू शकते. गोव्यात जमिनीचा नमुना १ व १४, कर्नाटकात व तेलंगणात पहाणी, गुजरातेत सात-बारा यांच्या प्रती संबंधित महसूल कार्यालयातून मिळतात.

आठवड्याभराने येणारा ताप

उंदरांच्या व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. त्याचे जंतू त्वचेवरील जखमांतून व चिरांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, सांताक्रूझ येथे, एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत या रोगाची मोठी साथ उद्भवली होती. रोगाची लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. एव्हाना घर स्वच्छ झालेले असते आणि तापाचा पुराशी संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकाएकी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण पुराच्या पाण्यात वावरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच उपचार झाल्यास रोग बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंडे व यकृत निकामी होऊ शकतात. गाळ उपसणाऱ्यांनी प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. गाळात काम करताना जखम झाल्यास धनुर्वाताची लस घ्यावी.

याशिवाय टायर, करवंट्या, फुटक्या कौलांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास सुमारे आठवड्याभरात तयार होतात. म्हणून आठवड्यातून एकदा घराभोवतीचे असे सर्व पाणी ओतून टाकावे.

पुढील पावसाळ्यासाठी

पुराने भिंतीवर ओढलेली रेषा ही एक मोलाची नोंद आहे. सफेदी करण्यापूर्वी तिची उंची एखाद्या पक्क्या जागी वर्षासह कोरून ठेवावी. विजेचा मीटर, मुख्य स्विच व प्लग दुरुस्तीच्या वेळीच त्या रेषेच्या वर घ्यावेत. धान्याची कणगी व कागदपत्रांची पेटी त्याहून उंच फळीवर असावी. विहिरीचा कठडाही शक्य असल्यास त्या उंचीपेक्षा वर बांधावा.

या कामी शिक्षकांचे साहाय्य बहुमोल ठरेल. शाळेच्या भिंतीवर पूररेषेची खूण व वर्ष लिहून ठेवले, आणि विहिरीतील पाण्याचे व तळघराच्या भिंतीवरील दाबाचे गणित वर्गात सोडवून घेतले, तर पावसाळ्याचे हे ज्ञान घरोघर पोहोचेल. पंचायतींनी ब्लिचिंग पावडर, खोरी, घमेली, रबरी बूट व हातमोजे यांचा साठा मे महिन्यातच करून ठेवावा. संकटसमयी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ व सर्वसाधारण आपत्कालीन ११२ हे क्रमांक प्रत्येक घराच्या दारामागे लिहिलेले असावेत.

गेलेली वस्तू पुन्हा घेता येते, पडलेली भिंत पुन्हा उभी राहते. ज्या हातांनी ती उभारावयाची ते हात सुखरूप राहणे महत्त्वाचे. प्रथम माणसे, मग भिंती व वीज, मग पाणी, त्यानंतर स्वच्छता आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम जो कुटुंबप्रमुख पाळील त्याचे घर थोडे उशिरा सजेल, पण अधिक काळ टिकेल.